निळ्या दोरीची बाटली

उघड्यावर वाईन प्यायची असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, असं थोरली दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. निम्मा वास वारा पळवतो, उरलेला शेजारच्यांच्या सिगारेटी खातात, आणि ऊन तर बाटलीला पार उकडून काढतं. बागेतल्या मैफलीला जाणाऱ्या गिऱ्हाइकाने उंची बाटली मागितली की ती सरळ नाही म्हणायची. "ती घरी प्या, दारं लावून. बागेत न्यायला ही घ्या. लाल असून थंड चालते, कोंबडीबरोबर जाते, पावाबरोबर जाते, आणि सांडली तरी रडू येणार नाही." बाबा मागे गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावायचे. स्वस्त बाटली खपवायला एवढी अक्कल खर्च करणारी दुकानदारीण त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती त्यांच्याच पोटी निघावी हे त्यांचं कायमचं दुखणं होतं.

आजची टोपली मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, घरची होती. दर उन्हाळ्यात नदीकाठच्या बागेत वाद्यवृंद वाजायचा, आणि हे कुटुंब चादर, टोपली आणि बाटल्या घेऊन ठरलेल्या झाडाखाली जाऊन बसायचं. गेल्या उन्हाळ्यात कुणीच गेलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिचा भाऊ, धाकटा, दवाखान्यात होता. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्याने अख्खं दुकान प्यायलं होतं म्हणा ना. त्याची बायको लेकीला, चिमणीला, कडेवर घेऊन माहेरी निघून गेली, आणि थोरलीने मनातल्या मनात तिला शंभर टक्के बरोबर ठरवलं.

तेव्हापासून धाकट्याने थेंबाला हात लावला नव्हता. भावजयीने फोनवर थोरलीला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "ताई, मी एक संध्याकाळ येऊन बघते. चिमणीला आणत नाही. तुमच्या बाटल्यांच्या मधोमध बसून तो कसा राहतो ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. नीट पार पडलं तर रविवारी चिमणीला घेऊन घरी येते. नाही पार पडलं, तर मला पुन्हा कुणी विचारू नका."

थोरलीचं चाललं असतं तर तिने सरबताच्या बाटल्या भरल्या असत्या. पण धाकटाच अडून बसला. "ताई, सगळ्यांच्या हातात पेले आणि माझ्या हातात सरबत? लहान पोरासारखं? मग सगळी संध्याकाळ माझ्याकडेच बघत बसाल. नेहमीसारखं करा. फक्त माझ्या बाटलीत ती बिनदारूची घाल."

बिनदारूची वाईन म्हणजे आधी रीतसर केलेली आणि मग तिच्यातली दारू काढून टाकलेली. थोरलीने तशा किती बाटल्या उघडल्या आणि सिंकमध्ये थुंकल्या याची गणतीच नाही. बहुतेक सगळ्या उकळलेल्या जॅमसारख्या लागायच्या. शेवटी एक सापडली. शेवट नव्हता तिला, म्हणजे गिळल्यावर चव रेंगाळत नव्हती, घशात ऊब नव्हती, पण नाकाशी नेली तर निदान कुठल्या कुळातली ते सांगत होती. बाबांनी तिचा एक घोट घेतला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं आणि म्हणाले, "द्राक्षाचं मढं आहे हे. पुन्हा माझ्या ओठाला लावू नका."

आता 'नेहमीसारखं' म्हणजे काय ते सांगायला हवं. या घरात मैफलीला बाटल्या उघड्या तोंडाने जात नसत. आईने, ती होती तेव्हा, जुन्या पडद्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. प्रत्येक बाटली एका पिशवीत जायची, गळ्याशी रंगीत दोरी बांधायची, म्हणजे लेबल दिसत नाही. मूळची बुचं आधीच काढून सगळ्यांना एकसारखी रबरी बुचं लावायची, म्हणजे बुचावरूनही ओळखता येत नाही. मग प्यायचं, खायचं, आणि कुठली आहे ते ओळखायचं. पिशवी उतरायची ती मैफल संपल्यावर. नाकाचा खेळ, म्हणून अत्तर बंद, आणि डास चावू नयेत म्हणून लावायचं मलमही बंद. घराणं असं नाकावर जगणारं, दर वर्षी अंगभर गांधी घेऊन खाजवत घरी यायचं.

या वर्षी थोरलीने पिवळ्या दोरीत पांढरी वाईन भरली, मासा आणि खरबुजासाठी. लाल दोरीत तिची आवडती हलकी लाल, थंड भाजलेल्या कोंबडीसाठी. निळ्या दोरीत धाकट्याची बिनदारूची, तीही लालच. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने स्वतःच्या हाताने सुरगाठी मारल्या, टेबलावर बाटल्या ओळीने ठेवल्या आणि गाडी दारात आणायला गेली. परत आली तेव्हा बाबांनी टोपली भरूनही ठेवली होती. हल्ली त्यांना वाकवत नव्हतं, तरी केलं. तिला बरं वाटलं.

बागेत सगळं नको इतकं चांगलं चाललं होतं. बाबा घडीच्या खुर्चीत झाडाला टेकून बसले. धाकटा त्यांच्या पायाशी, त्याच्या शेजारी भावजय, आणि टोपलीजवळ चादरीच्या दुसऱ्या टोकाला थोरली. भावजय आधी हातात पर्स धरून बसली होती, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. मग धाकट्याने तिच्या पानात माशाचा मधला तुकडा काढून ठेवला, काटे बाजूला करून. तिने पर्स खाली ठेवली. थोरलीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पहिला पेला घरातल्या मोठ्याने भरायचा. बाबांनी भावजयीला पिवळ्या दोरीतली दिली. धाकट्याला निळ्या दोरीतली. थोरलीला आणि स्वतःला लाल दोरीतली. "चला, ओळखा," ते म्हणाले. तेवढ्यात मंचासमोर टाळ्या झाल्या, वाद्यं लागली, आणि बाग चिडीचूप झाली. इथे वाजायला लागलं की हलायचं नाही, बोलायचं नाही. पाव मोडला तरी चार डोकी वळून बघतात.

थोरलीने कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि वर एक घोट घेतला.

घोट तिच्या तोंडातच राहिला. गिळवेना आणि थुंकवेना. जिभेच्या टोकाला गोड, मधे काही नाही, घशाशी ऊब नाही, शेवट तर नाहीच. महिनाभर जिच्याशी झटापट केली ती तिने झोपेतही ओळखली असती. हे द्राक्षाचं मढं होतं, आणि ते तिच्या पेल्यात होतं.

मग धाकट्याच्या पेल्यात काय होतं?

तिच्या काळजात असं धस्स झालं की हातातला पेला चादरीवर कलंडला. तिने मान वळवली. धाकटा मंचाकडे बघत बसला होता, मांडीवर पेला, आणि पेला अर्धा रिकामा. अर्धा! बाबांनी तो काठोकाठ भरलेला तिने पाहिला होता. माझ्या हातून झालं, तिच्या मनात आलं. माझ्या या दळभद्री हातांनी. घाईत पिशव्या बदलल्या असणार. एक वर्ष तो दात-ओठ खाऊन राहिला, आणि मी, त्याची सख्खी बहीण, बायकोच्या देखत त्याला पाजली.

ओरडावं तर भावजय ऐकणार. रांगत जावं तर सगळी बाग बघणार, आणि भावजय आधी बघणार. तिने धाकट्याकडे डोळे वटारून पाहिलं, मान हलवली, भुवया उडवल्या. तो ढिम्म हलला नाही. उलट शेजारच्या चादरीवरचे एक गृहस्थ तिच्याकडे चमकून बघायला लागले. मंचावर व्हायोलिनं अशी निवांत वाजत होती, जणू जगात कुणाला कसली घाईच नाही. थोरलीला त्या वाजवणाऱ्यांचा मनापासून राग आला.

आधाराला म्हणून तिने बाबांकडे पाहिलं, आणि तिथे तिला दुसरा धक्का बसला.

बाबा पीत होते. शांतपणे, घोट घोट, लाल दोरीतली. म्हणजे तेच मढं, जे पुन्हा ओठाला लावणार नव्हते. तोंड वाकडं नाही, कपाळावर आठी नाही. ज्या माणसाने उन्हात राहिलेली बाटली तीन हातांवरून ओळखली असती, तो गप गिळत होता. आणि बघत होता तो मंचाकडे नाही. बघत होता धाकट्याच्या पेल्याकडे.

थोरलीचा हात आपोआप शेजारच्या लाल दोरीच्या बाटलीकडे गेला. तिची सुरगाठ एका झटक्यात सुटते. ही सुटेना. तिने बोटाने चाचपून पाहिली. दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं, खोक्यांना मारतात तशी. जन्मभर पेट्या बांधून बाबांच्या बोटात बसलेली गाठ, कात्री नाहीतर दात लावल्याशिवाय न सुटणारी. टोपली भरताना पिशव्या त्यांनीच बदलल्या होत्या, आणि आपल्याला बरं वाटलं होतं!

संगीत संपलं तेव्हा टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मध्यंतर. भावजय उठून स्वच्छतागृहाच्या रांगेकडे गेली आणि थोरली गुडघ्यांवर सरकत खुर्चीपाशी पोचली.

"बाबा, दोऱ्या कुणी सोडल्या?"

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट त्यांचा चेहरा फुलला होता. "बघितलंस ना? अर्धा पेला. वचावचा नाही, घाई नाही. कोंबडीबरोबर, गाण्याबरोबर, बायकोशेजारी बसून. मी सांगत होतो की नाही? जेवणाबरोबरची वाईन म्हणजे दारू नव्हे. तो एकटा बसून प्यायला, तिथे बिघडलं. चारचौघांत, पानावर बसून प्यायला असता तर काही झालं नसतं."

"बाबा, अहो, तो आजारी आहे! त्याला एक घोट—"

"आजारी! माझ्या बापाने मला पावाच्या तुकड्याबरोबर पाजली. मी तुम्हाला पाजली. आणि आता माझा मुलगा माझ्यासमोर बसून ते मढं पिणार? मग हे दुकान मी कुणासाठी उभं केलं गं?" त्यांचा आवाज चिरकला. "मला माझा पोरगा परत हवाय. होता तसा."

माणूस दुष्ट असता तर थोरलीने त्याला फाडून खाल्लं असतं. पण हा तिचा बाप होता, आणि याने हे प्रेमाने केलं होतं. कोंबडीला कुठली वाईन जाते ते ठरवावं तसं याने मुलाचं आयुष्य ठरवलं होतं. आणि ही जोडी लावायची खोड आपल्यालाही यांच्याचकडून लागली, असं तिला वाटून गेलं.

तिने धाकट्याशी बोलायला मान वळवली. त्याची जागा रिकामी होती. निळ्या दोरीची बाटलीही नव्हती.

"गेला," ती म्हणाली. "बाबा, तो बाटली घेऊन गेला."

बाबांचा फुललेला चेहरा पाहता पाहता पडला. ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. थोरली थांबली नाही. अनवाणी, लोकांच्या चादरी तुडवत, कुणाचं ताट पायाखाली आलं त्याची माफी न मागता ती धावत सुटली. झाडांमागे बघितलं, आडोशाला बघितलं. गेल्या उन्हाळ्यातली मागची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली, खोक्यांमागे पाय पसरून बसलेला धाकटा, आणि दारात उभी चिमणी.

तो पाण्याच्या नळापाशी सापडला. कट्ट्यावर बसला होता. मांडीत बाटली, आणि मान खाली घालून नखांनी तो निळ्या दोरीची गाठ सोडवत होता.

"किती प्यायलास?" तिने त्याची कॉलरच धरली. "खरं सांग, किती?"

"काही नाही."

"पेला अर्धा होता! मी आंधळी नाही!"

"ओतली. चादरीच्या कडेला, गवतात. हळूहळू. नाकाशी नेली तेव्हाच कळलं, ताई. मी काय तुझ्या गिऱ्हाइकांपैकी आहे?" त्याने हसायचा प्रयत्न केला. "तेवढा वेळ ती नाकाखाली धरून बसायचं म्हणजे काय असतं ते मी तुला सांगू शकणार नाही. भरलेला ठेवला असता तर हिने विचारलं असतं."

थोरली मटकन त्याच्या शेजारी बसली. रडू आलं तिला, आणि ते तिने आवरलं नाही.

"मला आधी वाटलं, तू माझी परीक्षा घेतेयस," धाकटा म्हणाला.

"मी? मी तुझी—"

"भेटलीस की गळ्यात पडतेस. वर्षभर. आधी कधी पडली होतीस? माझ्या तोंडाचा वास घेतेस तू, ताई. मला कळत नाही होय?"

हे ऐकून ती चपापली. खोटं म्हणायला तोंड नव्हतं, कारण ते अक्षरशः खरं होतं. घरची सगळ्यात तिखट नाकाची बाई रोज भावाला जवळ घेत होती आणि हुंगत होती.

"म्हटलं, परीक्षा तर परीक्षा. एकदाची पास होऊ. मग तरी नुसती जवळ घेशील." तो पुन्हा गाठीशी खेळायला लागला. मग खाली बघतच त्याने विचारलं, "ताई, हे तूच केलंस ना?"

ती नाही म्हणणार होती. शब्द ओठांवर आला होता. पण तिची नजर त्याच्या बोटांकडे गेली. दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं. तोही त्याच दुकानात वाढला होता. ती गाठ कुणाची ते त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. तो तिला विचारत नव्हता. तिच्याकडे काहीतरी मागत होता. बापाचं नाव त्याला ऐकायचं नव्हतं.

"हो," थोरली म्हणाली. "मीच केलं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने मोठा श्वास सोडला. मग बुच काढून अख्खी बाटली मोरीत उपडी केली. तिची ती लाडकी वाईन गटगट करत गेली, आणि वास दोघांच्याही नाकात भरला. ती संपेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

ती दोघं परत आली तेव्हा भावजय चादरीवर उभी होती. तिने धाकट्याच्या हातातली बाटली पाहिली, थोरलीचे रडके डोळे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पर्स पुन्हा तिच्या हातात होती.

"बाटली घेऊन कुठे गेला होतास?"

"ओतायला. हिच्यात खरी होती." त्याने चादरीची कड उचलली. "पेल्यातली इथे ओतली."

भावजय खाली बसली. तिने ओल्या गवतावरून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. या घरात येऊन तीही तेवढं शिकली होती. बराच वेळ ती बोटं तशीच धरून बसली. मग तिने विचारलं, "खरी कुणी भरली?"

धाकट्याने चादरीची कड खाली सोडली. बाबा मंचाकडे बघायला लागले.

"मी," थोरली म्हणाली. "मला बघायचं होतं, तो ओळखतो का ते."

"ताई, तुम्ही?" भावजयीच्या तोंडून आवाज जेमतेम निघाला. "तुम्ही? मी तुमच्या शब्दावर आले. तुमच्या एकटीच्या. माझ्या पोरीचा बाप तुमच्यासाठी खेळ आहे? मी याच्याकडे येईन, पण तुम्ही आमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. चिमणीला तुमच्या वाऱ्यालासुद्धा उभी करणार नाही मी."

थोरलीने मान खाली घातली. असं लागेल याची तिला कल्पना नव्हती. चिमणीसाठी तिने टोपलीत बिस्किटं आणली होती, जाताना द्यायला. ती तशीच होती.

मंचावर वादक परत येऊन बसत होते. दिवे मंद झाले. लोक एकमेकांना गप्प करत होते. तेवढ्यात बाबांनी खुर्चीतून हात पुढे केला आणि धाकट्याच्या हातातली रिकामी बाटली घेतली. गळ्याशी बांधलेली निळी दोरी त्यांनी अंगठ्याने दाबून भावजयीपुढे धरली.

"सूनबाई," ते म्हणाले, "हिला अशी गाठ येत नाही. ही गाठ माझी आहे."

आणि वाद्यं सुरू झाली. आता बोलायचं नव्हतं. भावजय सासऱ्यांकडे बघत राहिली, तोंड उघडं, बोलायची सोय नाही. धाकट्याने डोळे मिटून घेतले. म्हातारा माणूस रिकामी बाटली पोटाशी धरून बसला होता. बागेत सगळे संगीत ऐकत होते आणि या एका चादरीवर कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग भावजय गुडघ्यांवर उठली. थोरलीला वाटलं, निघाली. पण ती टोपलीपाशी आली, थोरलीच्या दंडाला घट्ट धरलं आणि कानाशी पुटपुटली, "रविवारी येतोय आम्ही. तुमच्याकडेच. दुकानात नाही, घरी." मग तिने लाल दोरीची बाटली उचलली, हुंगून बिनदारूचीच असल्याची खात्री केली. आधी नवऱ्याचा पेला भरला. मग खुर्चीपाशी गेली, सासऱ्यांच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली, त्यांच्या हातात त्यांचा पेला दिला आणि तो काठोकाठ भरला. बोटाने खूण केली. सगळा.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. धाकट्याने आपला पेला थोडासा वर केला. बाबांनी पेला ओठाला लावला आणि एक घोट घेतला, आणि या वेळी मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं.